सिंगापूरहून क्रूझ: ऑनबोर्ड क्रेडिट, लॉयल्टी पॉइंट आणि नाशिकहून निघण्याआधीची तयारी

डिसेंबरात सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी रॉयल कॅरिबियनची चार रात्रींची क्रूझ करून आलो. मी, बायको आणि नववीतली मुलगी एका केबिनमध्ये, आत्या शेजारच्या केबिनमध्ये एकटी. अमेरिकेतून आलेले मामेभाऊ आणि वहिनी थेट सिंगापूरला भेटले. जहाज कसं आहे, बुफेत काय मिळतं, शो कसे असतात हे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पैशांबद्दल लिहायचंय, कारण परत आल्यापासून गंगापूर रोडवरच्या ओळखीच्यांपैकी जो भेटतो तो हेच विचारतो: क्रेडिट मिळतं म्हणतात ते काय असतं, आणि पॉइंट जमवून खरंच काही हाती लागतं का?

आधी क्रेडिटचं सांगतो. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे जहाजावरच्या तुमच्या खात्यात आधीच जमा करून ठेवलेले डॉलर. जहाजावर रोख चालत नाही. रॉयल कॅरिबियनवर सीपास नावाचं कार्ड मिळतं आणि कॉफीपासून स्पापर्यंत सगळं त्यावर चढतं. क्रेडिट असेल तर आधी त्यातून वळतं होतं, उरलेलं तुमच्या बँकेच्या कार्डावर जातं. हे क्रेडिट कधी कंपनी देते, कधी एजंट देतो, कधी जहाजावरच पुढची सफर बुक केल्याबद्दल मिळतं. कोण देतंय यावर त्याचे नियम ठरतात, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा.

दुसरा प्रश्न: माणशी की केबिनमागे? आम्हाला नाशिकमधल्या एका एजंटने फोनवर ‘माणशी ५० डॉलर’ सांगितलं होतं. पैसे भरण्याआधी मी ईमेलवर तेच लिहून मागितलं, तर उत्तरात आलं ‘केबिनमागे ५० डॉलर’. आम्हा तिघांच्या केबिनला १५० ऐवजी ५०. अर्धी रक्कम भरायची बाकी होती, म्हणून घासाघीस करता आली आणि त्यांनी फरक बिलातून कमी केला. पूर्ण पैसे गेले असते तर कोणी दाद दिली नसती. तोंडी बोलण्यावर राहू नका. क्रेडिटचा आकडा बुकिंग कन्फर्मेशनच्या कागदावर छापून आला पाहिजे.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: उरलेलं परत मिळतं का? क्रेडिट दोन प्रकारचं असतं. परत मिळणारं क्रेडिट उरलं तर सफर संपल्यावर तुमच्याकडे येतं. परत न मिळणारं शेवटच्या रात्री संपतं, मग त्यात दोन डॉलर उरोत की दोनशे. ऑफरमध्ये मिळणारं बहुतेक क्रेडिट या दुसऱ्या प्रकारचं असतं. कॅसिनोत ते सहसा चालत नाही, आणि रोख करून देत नाहीत.

आता टिपा. रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनसाठी रोज माणशी १८.५० डॉलर ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, लागते, स्वीटला (मोठ्या, महागड्या केबिनला) २१. लहान मुलांचीही पूर्ण लागते. म्हणजे आमच्या तिघांचे दिवसाला ५५.५०, चार रात्रींचे २२२ डॉलर. ही रक्कम आधी भरली नसेल तर ती रोजच्या रोज खात्यात पडते आणि क्रेडिट तिथेच जिरतं. आमचे ५० डॉलर पहिल्याच दिवसाच्या टिपेला पुरले नसते. ‘क्रेडिट फ्री’ अशी जाहिरात वाचून दोन कंपन्यांची किंवा दोन एजंटांची तुलना करणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा. क्रेडिट जास्त देणारा एजंट टिपा पॅकेजमध्ये धरत नसेल आणि कमी देणारा धरत असेल, तर दुसराच स्वस्त पडतो. आम्ही टिपा इथेच रुपयांत भरून टाकल्या. त्यामुळे जहाजावरचं क्रेडिट मोकळं राहिलं आणि खर्च डोळ्यांना दिसत राहिला. प्रत्येक पेयावर १८ टक्के टिप वेगळी लागते, तीही हिशेबात धरा.

आत्या बँकेतून निवृत्त झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे पोहायला गेले तेव्हा, ती मला घेऊन गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर गेली आणि खात्याचा कागद छापून मागितला. काउंटरवर चिटपाखरू नव्हतं. चष्मा लावून तिने एकेका ओळीवर बोट ठेवलं: क्रेडिटचे ५० उणे चिन्हासह दिसत होते, टिपांची नोंद शून्य होती, आदल्या संध्याकाळची कॉफी अधिक टिप बरोबर होती. तिच्या पर्समधल्या छोट्या डायरीत तिने तेवढं उतरवून घेतलं, आणि पुढे रोज ॲपमध्ये बघून त्याखाली भर घालत गेली. शेवटच्या रात्री त्याच काउंटरवर रांग लिफ्टपर्यंत आली होती. माझं आग्रहाने सांगणं आहे की खातं दुसऱ्या दिवशीच तपासा. क्रेडिट जमा झालं नसेल तर एजंटला फोन करायला तेव्हा वेळ हातात असतो.

क्रेडिट संपवण्याचंही नियोजन हवं. जहाज बंदरात उभं असताना जहाजावरची दुकानं बंद असतात. फुकेतला आख्खा दिवस उतरायचा बेत असेल तर खरेदीला उरते ती संध्याकाळ आणि परतीचा समुद्रावरचा दिवस. आत्याने आपल्या पन्नासातून सगळ्यांचा एकत्र फोटो घेतला, एक दिवसाचं वायफाय घेतलं आणि उरलेल्यात चॉकलेट. गरज नसलेली वस्तू केवळ क्रेडिट आहे म्हणून घेऊन वर खिशातले डॉलर घालणारे लोक आम्ही दुकानात पाहिले. त्यापेक्षा निघण्याआधीच ठरवा की हे क्रेडिट कशावर जाणार. फक्त पेयांचं पॅकेज क्रेडिटसाठी थांबवून ठेवू नका. ते आधी ऑनलाइन घेतलं तर सहसा स्वस्त पडतं.

बुकिंगनंतर भाडं उतरलं तर शेवटचा हप्ता भरण्याआधी नव्या दराने बुकिंग बदलून मागता येतं. पण तेव्हा त्या दिवशीची ऑफर लागू होते, जुन्या ऑफरमधलं क्रेडिट जातं. भाडं ३० डॉलरने उतरलं आणि ५० चं क्रेडिट गेलं, तर बदलून तोटाच. एजंट ‘दर कमी करून दिला’ असं आनंदाने सांगतो तेव्हा क्रेडिटचं काय झालं ते लगेच विचारा.

आता लॉयल्टी. रॉयल कॅरिबियनच्या योजनेचं नाव क्राउन अँड अँकर सोसायटी. साध्या केबिनमध्ये एका रात्रीला एक पॉइंट, स्वीटमध्ये दोन. ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. म्हणजे चार रात्रींच्या एका सफरीत गोल्ड होता, पण अशाच सफरी करत डायमंड गाठायचं तर त्या वीस कराव्या लागतात. दोन-तीन वर्षांनी एकदा क्रूझ करणाऱ्या नाशिककर कुटुंबाने टियरच्या, म्हणजे सभासदाच्या दर्जाच्या, मागे लागून महागडी सफर निवडण्यात अर्थ नाही. गोल्डला मिळतं ते किरकोळ, प्लॅटिनमला जहाजावर वापरायला बाथरोब वगैरे. खरी चव डायमंडपासून कळते.

ती चव मामेभावामुळे जवळून पाहता आली. तो डायमंड आहे. त्याच्या कार्डावर रोज चार पेयांची व्हाउचर आपोआप चढायची, प्रत्येक १४ डॉलरपर्यंतचं. वहिनींच्या कार्डावर वेगळी चार, कारण एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नीला टियर वाटून मिळतो. सकाळची चांगली कॉफी, दुपारचा ज्यूस, संध्याकाळचं एखादं कॉकटेल हे सगळं त्यात बसायचं. पेयांचं पॅकेज त्यांनी घेतलंच नाही. मात्र व्हाउचर दुसऱ्याच्या कार्डावर देता येत नाही. त्यांचा नोकरी करणारा, वेगळ्या शहरात राहणारा मुलगा या टियरमध्ये येत नाही, अठरा वर्षांखालचा होता तोवर आई-वडिलांचाच टियर त्याला मिळायचा. आपल्याकडेही हे लक्षात ठेवा: आई-वडील नाशिकला, मुलगा पुण्याला, तर पॉइंट वेगवेगळे.

आत्याला मात्र एक फायदा झाला आणि तो कोणत्याच एजंटने सांगितला नव्हता. एकट्याने केबिन घेणाऱ्याला दोघांचं भाडं भरावं लागतं. त्याबदल्यात रात्रीला एक पॉइंट जादा मिळतो. आम्हाला चार पॉइंट मिळाले तिथे तिला आठ. एकटं फिरणाऱ्या ज्येष्ठांनी हे जरूर तपासून घ्यावं. एकट्याच्या भाड्याचा भुर्दंड थोडा तरी वसूल होतो.

सभासद व्हायला पैसे लागत नाहीत, पण नावाची काळजी घ्या. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. बुकिंगमध्ये ते एकदा घातलं आणि पुढच्या वेळी गाळलं, तर एकाच माणसाची दोन खाती होतात आणि पॉइंट विखुरतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव सगळीकडे घाला, आणि सभासद क्रमांक निघण्याआधी बुकिंगला जोडून घ्या.

मुंबईहून सुटणाऱ्या, कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर आधी जाऊन आलेले बरेच जण विचारतात, ते पॉइंट इथे चालतील का? नाही. एम्प्रेस हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनचंच होतं, १९९० मध्ये आलेलं, पण आता कंपनी वेगळी. याउलट रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या एकाच समूहाच्या कंपन्या २०२४ पासून एकमेकींचा टियर मान्य करतात. एमएससी तर दुसऱ्या क्रूझ कंपन्यांचा आणि हॉटेलांचाही दर्जा बघून आपल्याकडे टियर देते. हॉटेलचं चांगलं सभासदत्व असलेल्यांनी तिथे अर्ज करून पाहावा.

टियरच्या भरवशावर लांबचे बेत करू नका असं मी म्हणतो त्याला कारण आहे. कार्निव्हलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या नव्या योजनेत दर्जा रात्रींवर नाही, तर केलेल्या खर्चावर ठरेल, आणि तो ठरावीक मुदतीने पुन्हा कमवावा लागेल. वर्षानुवर्षं रात्री मोजत आलेल्या लोकांना हा मोठा धक्का होता. नियम कंपनीच्या हातात असतात. आज मिळतंय ते आज वापरा.

मामेभावाला आणखी ५० डॉलर मिळाले ते शेअरहोल्डर म्हणून. रॉयल कॅरिबियनचे किमान १०० शेअर असतील तर पाच किंवा कमी रात्रींच्या सफरीला तेवढं क्रेडिट देतात, लांबच्या सफरीला जास्त. त्यासाठी अर्ज आधी करावा लागतो. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांनी सोडू नये. पण क्रेडिटसाठी हजारो डॉलरचे शेअर घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

बाकी प्रवासाचं थोडक्यात. नाशिकच्या ओझर विमानतळावरून परदेशी विमान नाही, त्यामुळे मुंबई गाठायची. इगतपुरीहून समृद्धीला लागलात की कसारा घाट टळतो. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा पार करून आमण्यापर्यंत गाडी सुसाट जाते. खरी कसोटी त्यापुढे भिवंडी-ठाण्याची, तिथे तास-दीड तास हाताशी ठेवा. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना ते बघा, कारण जहाजाने परत येताना तुम्ही दुसऱ्यांदा देशात शिरता. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही तेव्हा पुन्हा भरायचं असतं. मरीना बे क्रूझ सेंटर मरीना साउथ पिअर मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, टॅक्सीची गरज नाही. चढताना प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची वाइनची एक सीलबंद बाटली नेता येते. आम्ही आपल्या नाशिकची नेली, मुंबईहून चेक-इन बॅगेत आणि जहाजावर चढताना हातातल्या बॅगेत. पेनांगला स्वेटनहॅम धक्क्यावरून जॉर्ज टाउन पायी फिरता येतं, तिथल्या लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण जेवलो. त्या दिवशी कंपनीची सहल घ्यायची गरज नाही. फुकेतला जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीने पातोंगला नेतात, त्यामुळे सकाळी लवकर उतरा.

जहाजावर शक्यतो क्रेडिट कार्डच द्या. फोरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलं तर रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस जातात. आपल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर डॉलरच्या खर्चाला साधारण साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो. मार्कअप न लावणारं कार्ड असेल तर तेच न्या.

उतरताना खात्याचं शेवटचं बिल जपून ठेवा. पॉइंट काही दिवसांनी जमा होतात, आणि नाही झाले तर तेच बिल पाठवून मागता येतात. पॅकेजवर एजंटने कापलेला टीसीएस (आगाऊ घेतलेला आयकर), आमच्या वेळी म्हणजे २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंत ५ टक्के होता, तो २६ एएस या आयकर खात्याच्या तक्त्यात तुमच्या पॅनवर दिसतोय का ते बघा. आमच्यात तिघांचे पैसे माझ्या खात्यातून गेले होते आणि आत्याचे तिच्या. त्यामुळे तिचं बिल सुरुवातीपासून तिच्याच पॅनवर वेगळं करून घेतलं होतं, आणि रिटर्न भरताना ती रक्कम तिला तिच्याच नावाने मागता येईल.