गाडी चार्जिंगला कधी लावायची?

विजेवर चालणाऱ्या मोटारी वाढल्या तर राज्याला वीज पुरणार नाही, अशी भीती सोसायट्यांच्या सभांत हल्ली वारंवार व्यक्त होते. मला ती अनाठायी वाटते. एका युनिटमध्ये मोटार साधारण सात किलोमीटर धावते असे धरले, तर रोजच्या चाळीस किलोमीटरना सहा युनिट पुरतात. मात्र अशा एक लाख मोटारी रात्री आठला एकाच वेळी ३.३ किलोवॅटच्या चार्जरना जोडल्या, तर ३३० मेगावॅटची, म्हणजे नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीजकेंद्रातल्या ६६० मेगावॅटच्या एका संचाच्या निम्म्या क्षमतेची मागणी उभी राहते. तेच काम आठ तासांत विभागले, तर ७५ मेगावॅटमध्ये भागते. रात्री आठ ही वेळ तर विशेष अडचणीची, कारण सौरऊर्जा तेव्हा थांबलेली असते आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू असतात.

खरी चिंता आहे ती सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या रोहित्राची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची. ७.२ किलोवॅटचा एक सिंगल-फेज चार्जर सुमारे ३२ अँपिअर प्रवाह घेतो, आणि तोही तासन्‌तास. इलेक्ट्रिशियनने सोयीसाठी असे पाच-सहा चार्जर एकाच फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एकीवरच जोडले, तर त्या फेजचा व्होल्टेज घसरतो, न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या सामाईक तारेतून अकारण प्रवाह वाहतो आणि उरलेल्या दोन फेजवरच्या घरांनाही त्याचा त्रास होतो. रोहित्राच्या आत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या वेटोळ्यांभोवती विद्युतरोधक कागदाचे वेष्टण असते, आणि ते तेलात बुडालेले असते. मर्यादेपलीकडे तापमान दर सहा अंशांनी वाढले की साध्या कागदाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आजवर मध्यरात्रीनंतर भार उतरत असे आणि तेल थंड होत असे. मे महिन्यात रात्रभर एसीही चालू आणि मोटारीही चार्जिंगला, असे झाले तर ही उसंत राहणार नाही. बिघाड लगेच दिसत नाही, म्हणून तो मला अधिक धोकादायक वाटतो.

उपाय अवघड नाहीत. पार्किंगमधील सर्व चार्जरसाठी एकच थ्री-फेज जोडणी घेऊन एकूण भाराची मर्यादा ठरवता येते. ती गाठली की यंत्रणा प्रत्येक मोटारीच्या चार्जिंगचा वेग आपोआप कमी करते आणि सकाळी सातपर्यंत सगळ्यांच्या बॅटऱ्या भरतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कार्यालयांच्या आवारात दुपारी चार्जिंग. केंद्राच्या २०२३च्या नियमांत सौर तासांतील, म्हणजे दिवसा सौरऊर्जा मिळते त्या वेळेतील वीज स्वस्त ठेवण्याची तरतूद आहे, परंतु सवलतीसाठी वेळेनुसार नोंद करणारा मीटर हवा, आणि गाडी दुपारी उभी असते तिथे चार्जर हवा. इथेच आपण फार मागे आहोत असे मला वाटते. ज्याला घराबाहेर चार्जरच नाही, त्याने रात्री आठला गाडी लावली, तर त्याला दोष कसा द्यावा?

आमच्या सोसायटीत नव्या चार्जरला परवानगी देण्यापूर्वी मे महिन्यातील रात्रीचा भार तिन्ही फेजवर प्रत्यक्ष मोजून घ्यावा, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे.