सावंतवाडीत, गंजिफांपाशी

सकाळी आंबोली, दुपारी सावंतवाडी, संध्याकाळी वेंगुर्ल्याचा किनारा, असा बेत होता. तिन्ही ठिकाणं झाली, पण दिवस गेला तो राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये, गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवणाऱ्या ताईंच्या टेबलाशी.

आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडाशी थांबा. तिथल्या इवल्या माशाची शास्त्राला ओळख 2020 मध्ये झाली आणि नावही नदीचंच मिळालं. 2021 पासून ती जागा जैवविविधता वारसा स्थळ आहे. म्हणून सांगते, पाण्यात कुरमुरे-पीठ टाकू नका. पावसाळ्यात मीठ जवळ ठेवा. जळू सुटल्यावरही रक्त थांबायला वेळ लागतो, त्याला घाबरायचं नाही.

आता गंजिफा. दशावतारी संचात 120 गोल पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शा अशी 12. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाची कुऱ्हाड अशी खूण ठरलेली, आणि प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, तीही वेगळी. खेळणारे तिघे, म्हणजे एकेकाच्या हातात 40 पानं. एवढ्या गर्दीत खूण शोधत बसायला वेळ कुठला? जमिनीचा रंग दिसला की पान ओळखलं. राजा-प्रधानाखाली पाच रंगांत दश्शा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का. नवशिक्याचा डाव इथेच फसतो. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा.

जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा हात द्यायचा, दगडाने घोटायचं आणि मग रंगवायचं. घोटणं कमी पडलं तर रेघ फुटते. ताईंच्या समोरच्या पानावर कासवाची पाठ होती, बोटाच्या नखाएवढी. कुंचला उभा धरून, हात पानाबाहेर टेकवून त्या ठिपके देत होत्या. पाठची बाजू मात्र कोरी, एकाच रंगाची, लाखेची. तिथे नक्षी का नाही ते विचारलं. "खूण राहिली तर पान ओळखू येईल ना!" एक ओरखडा पडला तरी सगळा डाव बिघडतो.

हे ऐकल्यावर दहा मिनिटांत फोटो काढून निघून जाणाऱ्या गर्दीचा फार राग आला. संच घेऊन तो भिंतीवर चौकटीत लावणंही मला पटत नाही. घ्यायचाच असेल तर पानं उलटी पसरून पाठी तपासा, सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत. चितारआळीतली लाकडी फळं सुंदर असतात, पण त्यांना माझ्याकडे वेळ उरला नव्हता.

जेवणात बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. तिखल्यात पडणाऱ्या तिरफळाचं, या कोकणी मसाल्याचं, टरफल तेवढं घ्यायचं, आतली काळी बी काढून टाकायची, आणि वाटणात न घालता ठेचून रश्शात सोडायचं. वाटून घातलं तर रश्शाला कडवटपणा येतो. सोलकढी गरम करू नका, नारळाचं दूध फुटतं.

वेंगुर्ल्याला पोचले तेव्हा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती. वाळूवर दोन दोरांचे लांब चरे राहिले होते, मधोमध अर्धगोलात जाळं वाळत होतं, आणि बायका टोपल्यांत मासे निवडत होत्या.