सातव्या नंबरचं अंडं

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी दोन पानं लिहून द्या, असा मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी माझ्या हॅचरीत, म्हणजे कोंबडीची अंडी उबवायच्या कारखान्यात होतो. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून बाहेर आलो. "कशावरही लिहा," म्हणाले. पण शाळा म्हटलं की मला जीवशास्त्राच्या सरांशिवाय दुसरं काही आठवत नाही, त्याला माझा इलाज नाही. बाकीच्या गुरुजनांनी माफ करावं. लुनावरून टोपी घालून येणारे सर म्हटलं की माझ्या वेळच्या कुणालाही कळेल.

1988 चा जून. मी नववी ब मध्ये. विहिरीकडचं दगडी कंपौंड पडलं होतं, त्याची दुरुस्ती चालली होती. दगड उचलताना गवंड्याला अंडी दिसली. "नागाची असत्यात सर, ठेचून टाकतो," म्हणून त्यानं फावडं उचललंही. सर तास सोडून धावत आले. बाजूला पडलेली कात हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "धामण आहे. उंदीर कोण खाणार, तू?" मग खिशातली पेन्सिल काढून, अंडी जागची हलवण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला फुली मारली आणि नंबर घातला. एकूण अकरा. नऊ एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेली, सात आणि अकरा तेवढी सुटी. गठ्ठा सोडवायला गेलं तर साल फाटतं, म्हणून तो तसाच अलगद उचलला. वनखात्याच्या माणसाला सर त्याच संध्याकाळी सांगून आले. (आज मुलांनी परस्पर असलं काही करू नये. सर्पमित्राला बोलवा.)

प्रयोगशाळेत मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्या वाळूत एक साधं भाजलेलं मातीचं मडकं आणि मडक्यात धुतलेली वाळू नि काथ्याचा भुसा. पाणी बाहेरच्या वाळूला घालायचं, मडकं लागेल तेवढं ओढून घेतं. ओल किती असावी? सर मूठभर भुसा आवळून दाखवायचे: गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून थेंब पडता कामा नये. सापाच्या अंड्याचं साल कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. ते ओल शोषून फुगतं. कोरडं पडलं तर खड्डा पडतो, ओल जास्त झाली तर बुरशी.

पाऊस लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात बुरशी आली. वर काच झाकली होती, तिच्या आतून थेंब धरायचे आणि थेट अंड्यांवर पडायचे. सरांनी काचेच्या एका कडेखाली खडूचा तुकडा ठेवला. झालं! पाणी घसरून कडेला जायला लागलं, फटीतून वाराही खेळायला लागला. तिसऱ्या अंड्यावरची पांढरी बुरशी त्यांनी चित्रकलेच्या कोरड्या ब्रशनं झाडली. "फेकायचं नाही. जिवंत अंडं बहुतेक वेळा बुरशीला दाद देत नाही. मेलं की मग ती सगळं खाते."

रोजची नोंद माझ्याकडे होती. तापमान, ओल, बुरशी. आमच्या घरी कोंबड्या. खुडूक कोंबडी अंडी चोचीनं फिरवते हे मी जन्मापासून बघत आलेलो. 28 जूनला मधल्या सुट्टीत एकटाच होतो. सातवं सुटं होतं. त्याच्या अंगाखालची बाजू ओली दिसली म्हणून उचलून पालथं केलं. फुली खाली गेली. सरांनी हलवायचं नाही म्हणून बजावलेलं तेव्हा आठवलं, आणि घाबरून सरळ करायच्या ऐवजी वर दुसरी फुली काढली.

सापाच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला चिकटतो. पालथं केलं की बलकाचा भार त्याच्यावर येतो. हे मला पुढं कळलं.

जुलैअखेर सातव्यावर हिरवी बुरशी धरली. ब्रशनं झाडली, दोन दिवसांत परत आली. मग ते पिवळं पडून आत बसलं. सरांनी अंधारात टॉर्च लावून बघितलं. शेजारच्या अंड्यांत लाल शिरा दिसत होत्या, यात काहीच नाही. सगळ्या वर्गासमोर सर म्हणाले, "सुरुवातीला काचेचं पाणी पडलं ना, त्यानं गेलं. माझी चूक." मी पहिल्या बाकावर होतो.

दुसरं अंडं पहिल्यापासून वांझ होतं. उरलेली नऊ 13 ऑगस्टला, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, चिरलेली दिसली. पिल्लू वरच्या जबड्याच्या टोकाला असलेल्या बारीक दातानं साल चिरतं आणि डोकं बाहेर काढून दीड-दोन दिवस तसंच बसून राहतं. ओढायचं नाही. 15 ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर जिलेबीच्या रांगेत कुणी नव्हतं, सगळे खिडकीत. फूटभर लांब पिल्लं. सरांनी ती ओढ्याकाठी सोडली.

आज माझ्या हॅचरीत अंडी दर तासाला मशीन फिरवतं. अठरा दिवस सेटरमध्ये, म्हणजे उबवायच्या मशीनमध्ये 37.5 अंशांवर, पुढचे तीन हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं निघायच्या मशीनमध्ये. सेटरमध्ये न फिरवून चालत नाही. कोंबडीचं अंडं उबताना पाणी गमावतं, सापाचं घेतं. नव्या पोरांना हे सांगताना सरांचाच आवाज येतो.

आता दगडी कंपौंड गेलं, सिमेंटची भिंत आली. तिच्यात फट नाही, धामण कुठं राहणार? प्रयोगशाळेत म्हणे कॉम्प्युटर आहेत. प्रगती आहे, मला मान्य आहे. पण लाकडी कपाट कुणी भंगारात घातलं नसेल, तर त्यात हिरव्या पुठ्ठ्याची नोंदवही असेल. 28 जूनच्या पानावर 'अंडी जशीच्या तशी' असं लिहिलंय. ते अक्षर माझं आहे आणि ती नोंद खोटी आहे.