पापण्यांचा शेक

आज सकाळी लेकीच्या पापण्या पुन्हा चिकटल्या होत्या आणि पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारख्या बारीक खपल्या दिसत होत्या. रांजणवाडी बरी झाली म्हणून आम्हीच दोन आठवडे शेक बंद केला होता, ही माझी चूक झाली. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतील तेल घट्ट होऊन त्यांची तोंडे बुजतात, म्हणून कोमट पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ कापड मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटे ठेवायचे, निवले की पुन्हा भिजवायचे आणि मग कडा हलक्या हाताने पुसायच्या, असे डॉक्टरांनी समजावले होते. पापण्यांच्या कडांचा हा त्रास कायमचा जाईलच असे नाही. तो आटोक्यात ठेवावा लागतो. उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर मात्र लगेच डोळे दाखवायचे. शेक संपेपर्यंत ती माझा अंगठा घट्ट धरून आकडे मोजत होती.