बंड्यारावांची मारामारी

आमचे बोकोबा बंड्याराव परवा रात्री गच्चीवर कोणाशी तरी भिडून आले. शेपटीच्या बुडाशी दोन भोकं, इतकी बारीक की केस बाजूला केल्याशिवाय दिसू नयेत. आज तिथे लिंबाएवढी गाठ, अंग तापलेलं आणि समोर बांगडा ठेवला तरी तोंड फिरवतोय. बांगड्याला नाही म्हणतो म्हणजे प्रकरण गंभीर!

डॉक्टर म्हणाले, मांजराचा सुळा सुईसारखा. वरून जखम लगेच मिटते, जंतू आत कोंडतात आणि गळू होतं. ताप १०४ फॅरेनहाइट. (मांजरांचं नॉर्मलच १०२ पर्यंत असतं.) गळू फोडल्यावर जो वास सुटला, तो अजून नाकात आहे. अँटिबायोटिक सुरू, रेबीजचा बूस्टरही दिला.

शेजारच्या काकू तापाची पाव गोळी घेऊन आल्या होत्या. माया खरी, पण पॅरासिटामॉल मांजराला विषच, थोडंसुद्धा. कृपया कोणी देऊ नका.

आता गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालून साहेब प्रत्येक दाराला धडकतायत आणि खुन्नस आमच्यावर काढतायत. बरा झाला की नसबंदी, म्हणजे मारामाऱ्या तरी कमी होतील. आईचा मात्र विरोध: "अरे, त्याचं अजून काही झालंच नाही!"