कॅमेरे विकता आणि ‘इथं नको’ का म्हणता?

धंदा सीसीटीव्हीचा, आणि गिऱ्हाईकालाच ‘इथं बसवू नका’ का सांगता? हा प्रश्न दुकानात चहाला टेकणारे मित्रसुद्धा विचारतात. त्याला जोडून ठरलेलं वाक्य येतं, ‘चोर नसेल त्याला कसली भीती ओ?’

कॅमेऱ्याशी माझं वैर नाही, पोट त्याच्यावरच आहे. कोल्हापुरात गुजरीतल्या सराफाच्या काउंटरवर, शिरोलीच्या फौंड्रीत वजनकाट्यावर, पेठेत तालमीच्या चौकात तो हवाच. तिथं तो दाराकडं, गल्ल्याकडं, मालाकडं बघतो. माझं बिनसतं ते तो दिवसभर माणसावर रोखला की.

एका सराफी दुकानाच्या माळ्यावर कारागीर बसतात. मालकांना तिथं कॅमेरा हवा होता. बरोबरच आहे, सोन्याच्या घटीचा हिशेब असतो. मी फोकस तराजूवर आणि भट्टीवर धरला. त्यांनी बोट दाखवलं कोपऱ्याकडं, जिथं पोरं डबा खातात, दुपारची लवंडतात, घरी फोन लावतात. शिवाय माइकही चालू करा म्हणाले. ‘आवाज कशाला?’ ‘काय बोलतात ते कळायला नको?’ मी माइक बंद ठेवला आणि डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या मशीनच्या, मेनूत जाऊन त्या कोपऱ्यावर प्रायव्हसी मास्क टाकला. चित्राच्या तेवढ्या भागावर काळा चौकोन येतो, तिथलं काही रेकॉर्डच होत नाही. बहुतेक मशिनांत ही सोय असते, सांगत कुणी नाही. मालक कुरकुरले, पण बिल दिलं.

दुसरी गोष्ट पासवर्डची. तो बहुतेक ठिकाणी दुकानाचं नाव आणि पुढं 123 असतो. एकदा क्यूआर स्कॅन केला की मालक, मुलगा, मेहुणा आणि मागच्या वर्षी काम सोडून गेलेला मॅनेजर, सगळ्यांच्या मोबाइलवर लाइव्ह चालू. मुलींच्या हॉस्टेलला म्हणून मी गेट आणि जिना एवढंच करतो. खोल्यांपुढच्या पॅसेजचं काम घेत नाही. ते दुसरा कुणी करून देतो, हेही मला माहीत आहे.

‘कायदा आहे की,’ असं लोक म्हणतात. आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. पण घरगुती वापर त्यातून वगळलाय, सरकारी यंत्रणांना केंद्र सूट देऊ शकतं, आणि मालकाचं नुकसान टाळायचं असेल तर कामगाराची संमतीही लागत नाही. म्हणजे माळ्यावरच्या त्या पोरांना कुणी विचारायचं? निदान शिडीवर चढलेल्यानं तरी.

आणि ती ‘कसली भीती’? दाखला कोल्हापुरातच आहे. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतल्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागायची. चोरी केली म्हणून नव्हे, करतील या संशयावर. शाहू महाराजांनी 1918 साली ती बंद केली. त्या माणसांकडं तरी लपवायला काय होतं? चेहरा ओळखणारे कॅमेरे आल्यावर तर बोलावण्याचीही गरज उरत नाही. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलंय, 80 टक्क्यांच्या वर जुळलं की ते ‘जुळलं’ धरतात. उरलेल्या टक्क्यांत सापडलेल्यानं काय करायचं?

मी आवाज नको म्हणतो, पण एका जागी तो हवाच. 2 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसह, आवाजासकट कॅमेरे लावा आणि रेकॉर्डिंग 18 महिने ठेवा, ते जमत नसेल तर किमान वर्षभर. इथं बघणारा आणि बघितला जाणारा यांची अदलाबदल होते, आणि नेमके इथलेच कॅमेरे बंद निघतात. 2025 मध्ये न्यायालयाला पुन्हा स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. हार्डडिस्क भरली होती असं कारण कुणी दिलं, तर ते आमच्या लाइनमधल्या माणसाला सांगू नये. डिस्क भरली की सहसा रेकॉर्डिंग थांबत नाही, जुनं पुसून नवं चढतं. किराणा दुकानातली एक टीबीची डिस्कसुद्धा तेवढं करते.