टास्क संपले, पण आकडा हलला का?

आमच्या सपोर्ट टीमची तिमाही उद्दिष्टं सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बोर्ड आधीपासून चालूच होता. कोणाकडे काय काम आहे, कधीपर्यंत द्यायचंय, सगळं दिसायचं. या धडपडीतून तक्रार करणाऱ्या ग्राहकाला काय मिळालं, तेवढं मात्र कुठेच दिसत नव्हतं.

पद्धत आम्ही ओकेआरची, म्हणजे ‘ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स’ची (उद्दिष्टं आणि ती मोजणारे निकाल) घेतली. अँडी ग्रोव्ह यांनी १९७० च्या दशकात ती इंटेलमध्ये रुजवली आणि जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलमध्ये नेली. उद्दिष्ट शब्दांत लिहायचं आणि ते गाठलं की नाही, हे सांगणारे मोजके की रिझल्ट आकड्यांत. प्रत्यक्षात लिहायला बसलं की पहिल्या मसुद्यात कामंच उतरतात: हेल्पची पानं नव्याने लिहिणे, ट्रेनिंग घेणे. म्हणून प्रत्येक ओळीला आम्ही एकच प्रश्न विचारला. हे पूर्ण होऊनही ग्राहक तितकाच वेळ ताटकळत राहू शकतो का? उत्तर ‘हो’ आलं की ती ओळ टास्कमध्ये गेली. शेवटी मुख्य की रिझल्ट उरला तो असा: तक्रार सुटायला लागणारा वेळ ३० तासांवरून १२ तासांवर आणणे.

वेळ म्हणजे सरासरी की मध्यक, यावर बराच खल झाला. महिनोन्‌महिने रेंगाळलेली दोन-चार तिकिटं (सॉफ्टवेअरमधल्या तक्रारींच्या नोंदी) बंद केली, तरी त्या आठवड्याची सरासरी एकदम वर उडी मारते आणि जुनं काम निपटणारा माणूसच दोषी दिसतो. मध्यकाला, म्हणजे सगळे वेळ चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याला, त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून मध्यक ठरला.

मग सेटिंग. इथे सुरुवातीचा आकडा भरणं फार महत्त्वाचं आहे. ३० वरून १२ वर यायचंय आणि आज २१ वर आहोत, म्हणजे १८ पैकी ९ तास कमी झाले, प्रगती ५० टक्के. सुरुवातीची चौकट शून्यावरच राहिली, तर तेच गणित (१२ पैकी २१) १७५ टक्के दाखवतं!

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. उद्दिष्टाखाली टास्क जोडले की ते पूर्ण होतील तशी प्रगतीची पट्टी आपोआप भरायची सोय होती. ती मी मुद्दाम बंद ठेवली. टास्क जोडलेले राहू दिले, कारण कोणतं काम कशासाठी चाललंय हे कळायला हवं. पण पट्टी हलायची ती तिकिटांच्या रिपोर्टमधल्या आकड्यानेच. सगळे टास्क हिरवे आणि पट्टी जागच्या जागी, असं चित्र दिसलं की ती पुढच्या कामाची खरी माहिती असते: आपण निवडलेले उपाय लागू पडत नाहीयेत.

ग्रोव्ह यांचा आणखी एक आग्रह होता, एका मोजमापाला दुसऱ्याची जोड देण्याचा. आम्ही वेळेला ‘पुन्हा उघडलेल्या तक्रारीं’ची जोड दिली. हे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं. तिमाहीच्या मध्यावर वेळ छान उतरत होता आणि हे प्रमाण मात्र चढू लागलं. शोध घेतला, तर उत्तर पाठवल्याबरोबर तिकीट बंद होत होतं, ग्राहकाच्या होकाराची वाट न पाहता. मग ‘उत्तर दिलं’ आणि ‘बंद’ असे दोन वेगळे स्टेटस केले. वेळेचा आकडा थोडा वर सरकला. मला ते मान्य होतं. आता तो खरं बोलत होता.

साप्ताहिक बैठकीत प्रत्येक की रिझल्टचा जबाबदार माणूस आकडा भरतो आणि त्याखाली एक-दोन वाक्यांत कारण लिहितो. तिमाहीअखेर गुण देताना ही वाक्यंच कामी आली. मध्यक १८ तासांवर थांबला होता, म्हणजे १८ पैकी १२ तास कमी झाले, १ पैकी ०.६७ गुण. मोठी उडी घेणाऱ्या उद्दिष्टाला गूगलमध्ये ०.६ ते ०.७ चांगले मानतात, हे टीमला आधीच सांगितलेलं असल्यामुळे कोणी खट्टू झालं नाही. पुढच्या तिमाहीसाठी सुरुवातीच्या चौकटीत १८ भरले आणि पुन्हा उघडलेल्या तक्रारींना स्वतंत्र की रिझल्ट केलं.